विंचवाचं बिऱ्हाड

मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की नव्या ओळखी होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आपण कुठल्या लाईनीत?" आम्ही सांगतो, "मोबाईल होममध्ये." समोरचे गृहस्थ एकदम खूष होतात. "अरे वा! म्हणजे ॲप वगैरे, की हार्डवेअर?" मग आम्हांला सांगावं लागतं की फोनशी आमचा काडीचा संबंध नाही. आम्ही घरं बांधतो. कारखान्यात बांधतो आणि चाकांवरून गिऱ्हाइकाकडे धाडतो. "हां हां, म्हणजे ट्रेलर!" असं म्हणून गृहस्थ मोदकाकडे वळतात. त्या 'ट्रेलर'मधला हेल ऐकण्यासारखा असतो. या देशाने आपल्याला बरंच काही शिकवलं, त्यात कोणाला कोणत्या सुरात कमी लेखायचं हेही आपण चटकन शिकलो.

खरं म्हणजे 'मोबाईल होम' हा शब्द आम्ही वापरायचा नसतो. १५ जून १९७६ नंतर केंद्र सरकारच्या नियमांनुसार कारखान्यात बांधलेलं जे घर, त्याला 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणायचं, आणि त्याआधीचं ते मोबाईल होम. १९८० साली काँग्रेसने कायद्यातला शब्दसुद्धा बदलून घेतला. पण कारखान्याबाहेर हा फरक कोणाला ठाऊक नाही. आमच्या आईला विचाराल तर ती सांगेल, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसली घरं करतो तो." आम्हांला ही व्याख्या सरकारी व्याख्येपेक्षा जास्त पसंत आहे.

आम्ही एल्कहार्टला असतो. शिकागोहून टोल रोडने पूर्वेला निघालं की दोनेक तासांत इंडियाना राज्यातलं हे गाव लागतं. मध्ये घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे शिकागोच्या कार्यक्रमाला जाताना आम्हांला एक तास फुकट मिळतो आणि रात्री परतताना तो व्याजासकट वसूल होतो. रस्त्याला लागूनच आर. व्ही. आणि मोबाईल होमवाल्यांचा हॉल ऑफ फेम आहे. क्रिकेटपटूंचा असतो तसा, पण जुन्या ट्रेलरांचा. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना आवर्जून दाखवतो. ते नायगारा कधी दाखवणार असं विचारतात.

२००४ साली पर्ड्यूला एम. एस. करायला आलो, २००६ साली स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून या धंद्यात शिरलो आणि इथेच राहिलो. पूल बांधायची हौस होती. पण ज्या कंपनीने व्हिसा दिला ती घरं बांधत होती, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

कारखाना मात्र बघण्यासारखा आहे हो. पहाटे, अजून अंधार असतानाच काम सुरू होतं. आमचे बरेचसे कारागीर आमिश आहेत. स्वतःच्या घरात सरकारी वीज न घेणारी ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या घरांत दिव्यांची बटणं बसवतात. पहिल्या टप्प्यावर पोलादी सांगाडा येतो, त्याला चॅसी म्हणतात: 'आय' आकाराच्या दोन लांब तुळया, त्यांना दोन्ही बाजूंना आडवे हात, खाली आस आणि चाकं, पुढे ट्रकला जोडायचा आकडा. त्यावर जमीन बसते. मग टब, मग भिंती, मग क्रेनने वरून उतरवलेलं अख्खं छप्पर. शेवटी आतमध्ये कपाटं, पडदे, झाडलोट. जे घर बाहेर जातं त्याच्या प्रत्येक भागावर, मागच्या बाजूला, एक छोटा लाल पत्रा ठोकलेला असतो. तो म्हणजे 'हड' या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा शिक्का. आम्ही त्याला कुंकू म्हणतो. तो नसेल तर घर विकता येत नाही.

या लाल पत्र्यामागे १९७४ चा कायदा आहे. त्याची गंमत अशी की एरवी या देशात घर कसं बांधायचं हे ठरवतं गाव किंवा फार तर राज्य. आमच्या घरांना मात्र पन्नास राज्यांत एकच नियम. इंडियानात बांधलेलं घर केंटकीत नेलं तर तिथला इन्स्पेक्टर "वायरिंग आमच्या पद्धतीने करा" म्हणू शकत नाही. या एका गोष्टीवर आमचा धंदा उभा आहे. आणि जो धंदा एका कायद्यावर उभा असतो त्याला कायदे करणाऱ्यांच्या दाराशी कायमचा माणूस बसवावा लागतो. म्हणून संघटना. मोठी, 'मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग इन्स्टिट्यूट', वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला आहे. दुसरी, फक्त सरकारी नियमांशी झुंजणारी, खुद्द वॉशिंग्टनला. दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही आणि एक दुसरीवर जाहीर टीका करत असते. एका धंद्यात दोन संघटना कशा, हा प्रश्न निदान आपल्या मंडळींना पडू नये.

संघटनेने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे २००० चा कायदा. क्लिंटन यांनी २७ डिसेंबरला, म्हणजे जाता जाता, त्यावर सही केली. त्याने नियम सुचवायला २१ जणांची समिती आणली: सात घरं बांधणारे, सात घरं वापरणारे, सात सर्वसाधारण लोकहिताचे आणि सरकारी अधिकारी. सात-सात-सात. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती नीटनेटकं! कोणाच्या तरी डोक्यात न्यायाचा तराजू असला पाहिजे. आता वाटतं की प्रश्न सात माणसांचा नसतोच, त्या सातांना विमानाचं तिकीट कोण काढून देतं याचा असतो. पण ते असो.

आमच्या नोकरीची पहिली वर्षं वाऱ्यात गेली. अक्षरशः. वाऱ्याचं गणित हे आमचं काम. इंडियाना पहिल्या पट्ट्यात येतं, तिथे भिंतीला चौरस फुटाला १५ पौंडांचा दाब धरला की भागतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या घरांना तिसरा पट्टा, ताशी ११० मैलांचा वारा. हे पट्टे कुठून आले, असं आम्ही एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. त्याने नुसतं "अँड्र्यू" म्हटलं आणि एक कात्रण काढून दिलं. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू नावाचं वादळ मायामीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. होमस्टेड नावाच्या गावात ११७६ मोबाईल होम्स होती. त्यांतली ११६७ पार नष्ट झाली. वजाबाकी करून बघा. नऊ उरली.

त्यानंतर हडने वाऱ्याचे नवे, कडक नियम काढले आणि ते १९९४ च्या जुलैत लागू झाले. आणि आमच्या धंद्याने काय केलं? फ्लोरिडातली संघटना कोर्टात गेली. घरं महाग होतील, गरिबांना परवडणार नाहीत, असं म्हणणं. १९९५ साली अपील कोर्टाने ते फेटाळलं. मग २००४ च्या ऑगस्टात चार्ली नावाचं वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं आणि पाहणी करणाऱ्यांना दिसलं की नव्या नियमांची घरं जुन्यांच्या मानाने पुष्कळच टिकली. गंमत म्हणजे त्यानंतर आमच्याच धंद्याचे लोक ही गोष्ट अभिमानाने सांगू लागले. आम्हीसुद्धा सांगतो. ज्या नियमाविरुद्ध आपण कोर्टात गेलो त्याचीच फुशारकी मारायला फार लाजावं लागत नाही, हे बघून आम्ही थक्क झालो होतो. तेव्हा तरुण होतो.

बोलायची मात्र सोय नव्हती. १९९८ साली या देशात सुमारे तीन लाख त्र्याहत्तर हजार अशी घरं कारखान्यांतून बाहेर पडली होती. कर्जं वाटली होती वाटेल त्याला, ती बुडाली, घरं परत आली. २००९ साली आकडा पन्नास हजारांवर येऊन ठेपला. एल्कहार्टमध्ये एकामागून एक दारं बंद झाली. ओबामा अध्यक्ष झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत बेकारांचं गाव बघायला म्हणून इथे आले ते उगीच नाही. आम्ही एच-वनवर होतो. कारखान्यात दर शुक्रवारी कोणी ना कोणी खोका घेऊन पार्किंग लॉटकडे जायचं. आमच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण २००८ साली सुरू झालं ते २०१८ साली संपलं. दहा वर्षं आम्ही मीटिंगमध्ये फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ही सवय अशी लागते की पुढे कार्ड आलं तरी तोंड आपोआप उघडत नाही. वाचकांपैकी अनेकांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

२०२४ साली नागरिक झालो, नोव्हेंबरात पहिलं मत दिलं आणि दुसऱ्या वर्षी वसंतात साहेबांनी बोलावून विचारलं, "वॉशिंग्टनला चलतोस का?" आमच्या राज्यातल्या कारखानदारांची एक तुकडी प्रतिनिधींना भेटायला निघाली होती. विक्रीवाले पुष्कळ होते, पण तांत्रिक बोलणारा कोणी हवा होता. शिवाय मतदार हवा होता. काँग्रेसच्या कचेरीत मतदाराला खुर्ची मिळते, हे तेव्हा कळलं.

विषय होता चॅसीचा. १९७४ च्या कायद्यातल्या व्याख्येतच एक शब्द बसला होता: घर 'कायमच्या चॅसीवर' बांधलेलं असलं पाहिजे. त्या काळी ठीक होतं. घर ओढत नेत, कदाचित पुन्हाही ओढत नेत. पण आता बहुतेक घरं एकदा जागेवर बसली की तिथून उठत नाहीत. चाकं आणि आस काढून घेतात, ते परत कारखान्यात येतात आणि दुसऱ्या घराला लागतात. पोलाद मात्र घराखालीच राहतं, जन्मभर, काही काम न करता. त्यामुळे घर उंच दिसतं, तळघरावर बसवायला अडचण, मजला चढवायला अडचण, आणि गाववाले "हा ट्रेलरच" म्हणून चांगल्या वस्तीत येऊ देत नाहीत. हा शब्द काढावा, चॅसी ऐच्छिक करावी, एवढीच मागणी. इंजिनिअर म्हणून आम्हांला ती शंभर टक्के पटली होती, आजही पटते.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुटीत खिडकीवाल्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. आमच्या कारखान्यात खिडक्या बसवणाऱ्या म्हणून आम्ही घरी त्यांना खिडकीवाल्या बाई म्हणतो. साठीच्या आसपास, एकट्या राहतात, आमच्या थोरलीच्या ग्रॅज्युएशनला स्वतः शिवलेली गोधडी घेऊन आल्या होत्या. त्या स्वतःही असल्याच घरात राहतात, पार्कमध्ये. पार्क म्हणजे बाग नव्हे. जमीन एका मालकाची, तिच्यावर शंभर-दोनशे घरं, आणि घरं ज्याची त्याची. घराचं कर्ज बाईंनी केव्हाच फेडलं. इंडियानात अशा घराचा मालकीचा कागद मोटारगाड्यांच्या खात्याकडून मिळतो, तो त्यांच्या कपाटात आहे. पण खालच्या जागेचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. पूर्वी पार्क गावातल्याच एका म्हाताऱ्याचा होता. त्याच्या मुलांनी तो परराज्यातल्या कुठल्याशा गुंतवणूक कंपनीला विकला आणि तेव्हापासून भाडं चढतंच आहे. घर उचलून दुसरीकडे न्यायचं तर हजारो डॉलर खर्च, आणि इतकं जुनं घर दुसरा पार्क घेतही नाही.

बाईंनी घडी घातलेला एक कागद आमच्या हातात दिला. भाडेवाढीची नोटीस होती. "तिकडे जातोयस ना? त्यांना दाखव," म्हणाल्या.

आम्ही तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

वॉशिंग्टनबद्दल काय सांगावं! प्रतिनिधींच्या कचेऱ्यांच्या इमारतीत कोणीही जाऊ शकतं. सामान तपासतात, पट्टा काढायला लावतात, बस्स. ना पास, ना "कोणाकडे काम आहे?" मंत्रालयाच्या दारात वडिलांबरोबर पाससाठी उभं राहिलेले आम्ही, लाँगवर्थ बिल्डिंगच्या संगमरवरी बोळातून बूट वाजवत चाललो होतो आणि उगीचच ऊर भरून येत होता. आमच्यापुढे दूधवाले, मागे दंतवैद्य. सगळ्यांच्या कोटावर आपापल्या संघटनेचं बोधचिन्ह, हातात एकेक पानाचं टिपण. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात तो इथे दिवसाढवळ्या, रांगेत, वेळ ठरवून लावतात. हे चांगलं की वाईट यावर हॉटेलात आमची स्वतःशीच बरीच चर्चा झाली.

प्रतिनिधी स्वतः मतदानाला गेले होते. आम्हांला भेटली पंचविशीतली एक मुलगी, त्यांची गृहनिर्माणाची सहाय्यक. आमच्या थोरलीपेक्षा फार मोठी नव्हे. पंधरा मिनिटं होती. पुढाऱ्यांनी प्रास्ताविक केलं आणि आमच्याकडे बोट दाखवलं. आम्ही म्हणालो, "विमानतळावर तुम्ही बॅग ट्रॉलीवर ठेवता. घरी पोचल्यावर कायदा जर म्हणाला की ती ट्रॉली बॅगेला कायमची जोडलेलीच राहिली पाहिजे, कपाटातसुद्धा, तर?" ती हसली आणि लिहून घेतलं. पुढाऱ्यांनी आमच्या पाठीवर थाप मारली. आम्ही दोन इंच उंच झालो.

मग तिने वही मिटली आणि सहज विचारलं, "आमच्या ऑफिसला या घरांतल्या लोकांची पत्रं येतात. चॅसीबद्दल कधीच नसतात. जागेच्या भाड्याबद्दल असतात. त्याचं काय?"

खिशातला कागद छातीला टोचला असं लिहिलं तर ते खोटं होईल. कागद टोचत नाही. पण तो तिथे आहे हे आम्हांला ठाऊक होतं. पुढाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की भाडं हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे, आणि भाड्यावर मर्यादा घातली की मालक दुरुस्त्या करत नाहीत, नवे पार्क कोणी काढत नाही. दोन्ही वाक्यं खोटी नव्हती. पण पार्कांचे मालकही याच संघटनेचे सभासद असतात, वर्गणी देतात, हे मात्र बोलण्यात आलं नाही. तिने आमच्याकडे पाहिलं. इंजिनिअर काही म्हणतोय का, अशा नजरेने. आम्ही टिपणाच्या पानाकडे पाहिलं. पंधरा मिनिटं संपली. दारात सगळ्यांचा फोटो काढला. त्या फोटोत आम्ही फार छान हसतो आहोत.

रात्री झोप लागेना. दुरुस्त्यांचा मुद्दा आमच्या मनात घोळत होता, कारण तो आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमचे आजोबा पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत भाडेकरू होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं जिथल्या तिथे गोठवलेलं, ते वडिलांच्या काळातही तेवढंच. मालक वरच्या माडीवर राहायचे आणि आमच्यापेक्षा गरीब होते. कौलं कोण बदलणार? एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. मालक म्हणाले, माझ्याकडे पैसे कुठून येणार. आजोबा म्हणाले, वाडा तुमचा आहे. दोघंही बरोबर होते आणि भिंत पडलेलीच राहिली. तेव्हा भाड्याला मर्यादा म्हटलं की आम्हांला आपोआप ती भिंत दिसते.

पण छताकडे बघता बघता लक्षात आलं की इथे उलटं आहे. आजोबांच्या डोक्यावरचं कौल मालकाचं होतं. बाईंचं कौल बाईंचंच आहे. गळलं तर त्याच शिडी लावतात. मालकाची आहे ती फक्त खालची जमीन. वाड्यातला भाडेकरू कंटाळला तर ट्रंक उचलून चालू पडायचा. बाई अख्खं घर सोडून चालू पडणार का? एवढी साधी गोष्ट, जन्मभर त्याच घरांची गणितं मांडून, आम्हांला पन्नाशीच्या उंबऱ्यावर हॉटेलच्या पलंगावर कळली.

आणखी एक आठवलं. शाळेत इतिहासात होती ती पुणे सार्वजनिक सभा, १८७० सालची, सार्वजनिक काकांची आणि पुढे रानड्यांची. सरकारकडे अर्ज-विनंत्या करणारी. पुढच्या जहालांनी तिला हसून घेतलं. पण तिचा एक नियम होता की सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे मी यांच्या वतीने बोलतो, हे आधी कागदावर दाखव. आमच्या खिशात एकीचा कागद होता आणि तोही आम्ही बाहेर काढला नव्हता.

सोमवारी बाईंनी विचारलं, "दाखवलंस?" आम्ही म्हणालो, "वेळच मिळाला नाही." बाई "बरं" म्हणाल्या आणि खिडकी उचलली.

घरी सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू कोणाच्या बाजूचा आहेस रे?" आम्ही म्हणालो, "चॅसीच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे." "मी चॅसीबद्दल विचारलं नाही," ती म्हणाली. बायका या इंजिनिअर नसल्या तरी त्यांना जोड कुठे सुटलाय ते बरोबर दिसतं.

२९ जुलैला बातमी आली. सिनेटच्या बँकिंग समितीने घरांविषयीचं मोठं विधेयक २४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं आणि त्यात चॅसी ऐच्छिक करणारं कलम होतं. आजकाल चोवीस सिनेटर सकाळ झाली यावरसुद्धा एकमत करत नाहीत. कारखान्यात केक आला. साहेबांनी भाषणात आमच्या ट्रॉलीचा उल्लेख केला. कागदी बशीत केक घेऊन बाई आमच्या शेजारी उभ्या राहिल्या. "म्हणजे यापुढे घरांना खाली चाकंबिकं काहीच नाही?" आम्ही उत्साहाने म्हणालो, हो, गिऱ्हाइकाला नको असेल तर सांगाडाच नाही. त्यांनी थोडा विचार केला. "मालकाला निदान धमकी तरी देता येत होती, की घर घेऊन निघून जाईन म्हणून. आता ती पण गेली."

आम्ही केक खाली ठेवला. त्याच दिवशी, पार्किंग लॉटमध्ये, आम्ही त्यांना खरं सांगितलं. वेळ होता, त्या मुलीने विचारलंही होतं, आम्हीच बोललो नाही. नोकरी, साहेब शेजारी बसलेले, वीस वर्षांची सवय, वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मग तो कागद परत दे. माझ्याकडे तेवढी एकच प्रत आहे."

दुसऱ्या दिवशी गावच्या लायब्ररीत जाऊन त्याच्या प्रती काढल्या. कारखान्याच्या मशीनवर काढायचं धैर्य झालं नाही, हेही लिहून टाकतो. रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या मुलीच्या ऑफिसला पत्र लिहिलं. आधी लिहिलं होतं, "मी अमुक कंपनीतला इंजिनिअर." सौ.ने वाचून विचारलं, "कंपनीचं नाव कशाला?" ते खोडलं आणि नुसता घरचा पत्ता घातला. लिहिलं की चॅसीबद्दल बोललो ते मागे घेत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. न्यू हॅम्पशायरचंही लिहिलं. तिथे मेरेडिथ गावात १९८४ साली तेरा कुटुंबांनी मिळून, कर्ज काढून, आपल्या घरांखालची जमीनच विकत घेतली. पुढे त्या राज्यात तसे पार्क वाढत गेले. पार्क विकायचा तर मालकाने राहणाऱ्यांना साठ दिवस आधी कळवायचं, असा तिथे कायदा आहे, म्हणजे त्यांनाही बोली लावता येते. विमा, पाणी, गटारं सगळं ते स्वतः बघतात. आपल्या हाउसिंग सोसायट्यांसारखंच, आणि भांडणंही तशीच होत असणार.

बाईंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "न्यू हॅम्पशायर इथून किती लांब?" पण पुढच्या आठवड्यात पत्त्यांच्या डावाला जमणाऱ्या चौघीजणींना त्यांनी ते सांगितलेलं होतं, कारण त्यातली एक आम्हांला वॉलमार्टमध्ये थांबवून साठ दिवसांबद्दल विचारू लागली.

विधेयकाचं म्हणाल तर ऑक्टोबरात सिनेटने ते संरक्षण खात्याच्या भल्यामोठ्या विधेयकाला जोडून मंजूर केलं आणि डिसेंबरात अखेरच्या मसुद्यातून ते गळालं. संघटनेचं पत्रक आलं की निराश होऊ नका. आम्ही निराश झालो नाही. चौऱ्याहत्तर सालचा शब्द आहे, एवढ्या लवकर हलायचा नाही.

आमच्या पत्राला दोन महिन्यांनी उत्तर आलं. परवडणाऱ्या घरांच्या प्रश्नात आपण लक्ष घातल्याबद्दल आभार, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, खाली छापील सही. त्याखाली मात्र पेनाने एक ओळ होती: नोटिशीची प्रत फाइलला लावली आहे, तुमच्या भागातून आणखी आल्या तर पाठवा. अक्षर पोरसवदा, गोल.

ते पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पेनाने लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "याची पण एक प्रत काढून दे मला. नाही, पाच दे."